प्रिंटर जड का असतो, हे मला शिकवणारे लोक

प्रिंटर दुरुस्त करायला बाई आलेली पाहिली की माणसांना आधी हसू येतं आणि लगेच ज्ञान सुचतं. मी खाली बसून स्क्रू काढत असते आणि कुणीतरी माझ्या डोक्यावर उभं राहून मला प्रिंटर समजावून सांगत असतं. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी जेवढी मशीनं उघडली त्याहून जास्त व्याख्यानं ऐकली, आणि त्यातली निम्मी एकाच विषयावर होती: हे धूड एवढं जड का?

विषय निघतो तोही ठरलेल्या वाटेनं. आधी विचारतात, "मॅडम, एकट्याच आल्या?" मी हो म्हणते. मग मशीनकडे बघतात, माझ्याकडे बघतात, परत मशीनकडे बघतात. "मंग उचलायची वेळ आली तर?" मी सांगते, मी दुरुस्त करायला आलेय, वरातीतल्या नवरदेवासारखं खांद्यावर घेऊन नाचायला नाही.

आमच्या मालकांचं नांदेडला दुकान आहे. कार्यालयांना, शाळांना, पतसंस्थांना मोठी प्रिंटर-झेरॉक्स मशीनं पुरवायची आणि वर्षभर त्यांची देखभाल करायची, हा धंदा. दुरुस्तीला आम्ही तिघं. तिघांना गावं वाटून दिलेली, त्याला आम्ही लाईन म्हणतो. माझ्या लाईनला मुखेड, निलंगा आणि मधली चार-दोन गावं. बाकीचे दोघे पुरुष आहेत आणि चांगले कारागीर आहेत. त्यांना कुणी प्रिंटर समजावून सांगत नाही.

मुखेडच्या एका भाऊसाहेबांचं मत असं, की कंपनी मशीन मुद्दाम जड करते. "चोरी होऊ नाही म्हणून. आमच्या हापिसातून दोन पंखे गेले, खुर्ची गेली, भितीवरचं घड्याळ गेलं. हे हाय तिथंच हाय. कामून? जड हाय." एवढं बोलून ते विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत राहिले. जसं काही मीच कंपनीची मालकीण आणि आता गुपित फुटलं म्हणून रडणार.

निलंग्याला एका पतसंस्थेचे व्यवस्थापक आहेत. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ, माणूस लाख मोलाचा. ते म्हणाले, "ताई, मी वीस प्रती मागतो, अठरा येतात. दोन कुठं जातात सांगा बघू? आतच राहतात न्हवं? दहा वर्षं झाली, रोजच्या दोन धरा." मी झाकण उघडून मशीनचं पोट रिकामं असल्याचं दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "अजून आत असतील."

एका मुख्याध्यापकांनी दोष परिपत्रकांना दिला. एक वाचलं तर त्यांचं डोकं दिवसभर जड राहतं, हे मशीन तर रोज पन्नास वाचतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटला.

मीही मागे राहत नाही. एका कार्यालयात मी म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं वजन ठेवल्याशिवाय काही हलत नाही म्हणतात. हे तर वजन असूनही हलत नाही. म्हणजे तुमच्यात सगळ्यात इमानदार हेच." हे मी एकदाच बोलले. त्या कार्यालयात मला पुन्हा कधी चहा मिळाला नाही.

खरं कारण साधं आहे, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही. आत पोलादी सांगाडा असतो. कागद मिनिटाला पन्नासच्या वेगानं धावतो, वळणं घेतो, तापलेल्या रुळाखालून जातो. सांगाडा केसभर जरी पिळवटला तरी कागद तिरका जातो आणि अडकतो. म्हणून तो असा बांधलेला असतो की हलूच नये. बनवणाऱ्यानं धरून चाललेलं असतं, की लोक हे एका जागी ठेवतील आणि वापरतील. त्याला बिचाऱ्याला आमची कार्यालयं माहीत नाहीत. आमच्याकडे साहेब बदलला की टेबलाचं तोंड बदलतं, टेबलाचं तोंड बदललं की कपाट फिरतं आणि कपाट फिरलं की मशीन.

आईला एकदा मी हे सगळं समजावलं होतं. आई अर्धापूरला केळीच्या बागांत कामाला जायची. कापलेले घड चिखलातून बांधापर्यंत आणि बांधावरून गाडीपर्यंत डोक्यावर न्यायचे, हे तिचं पंचवीस वर्षांचं काम. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी लोखंड जड हाय. ते तर आधीपास्नंच जड असतंय. त्यात बाप्या माणसांना एवढा इचार कशाचा पडला?"

तर अशी माझी लाईन होती आणि ती मला प्रिय होती. खोटं कशाला बोलू? सकाळची एसटी, मांडीवर बॅग, कुठल्या गावाला काय बिघडलंय याचा मनात विचार. एखाद्या कार्यालयात सगळे हात टेकून बसलेले असायचे. मी जायचे, कान लावायचे, एक दात तुटलेलं चक्र शोधून काढायचे आणि मशीन घरघरत सुरू व्हायचं. त्या आवाजानं मला जो आनंद व्हायचा तो मला दुसऱ्या कशानंही झालेला नाही. ITI करून मी हे शिकले होते आणि हे माझं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी मला बोलावलं. कुठल्याशा कार्यालयातून तक्रार आली होती, की तुमची बाई मशीन या टेबलावरून त्या टेबलावर ठेवायला नाही म्हणाली. म्हणाले होते मी. ते काम माझं नव्हतं. मालक वाईट माणूस नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना जास्त त्रास होतो.

"तू हुशार हाय, न्हाई म्हणत न्हाई मी," ते म्हणाले. "पण मशीन हलवायचं निघालं की मला दुसरा माणूस पाठवावा लागतो. सोमवारपास्नं काउंटरवर बस. पंखा हाय, एसटीचे धक्के न्हाईत. फोन घ्यायचे, टोनर भरून द्यायचं. तुझ्याच भल्याचं सांगून राहिलो."

काउंटर म्हणजे काय ते मला माहीत होतं. काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "इंजिनिअर कुठं गेले?" आणि आपण सांगायचं, "बाहेर गेलेत." जन्मभर आपण सांगायचं की ते बाहेर गेलेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला एवढा राग आला की मी तिथंच बोलून बसले, "पुढचं जे मशीन हलवायचं निघेल, तिथं मला पाठवा. नाही हललं तर सोमवारी काउंटर. हललं तर लाईन माझी, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मालकांनी थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "बघ हां." दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी सहाला त्यांचा फोन आला. लातूरचं कार्यालय, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

साडेदहाला मी तिथं पोचले तर मशीन वर जिन्याच्या तोंडाशीच उभं होतं. कामासाठी आलेले लोक पोट आत ओढून त्याच्या बाजूनं आडवे जात होते. हकिकत कळली ती अशी. नवे साहेब त्या दिवशी पदभार घेणार होते. त्यांनी आपली खोली तळमजल्यावर हलवून घेतली होती आणि त्यांच्या वास्तूच्या जाणकारानं सांगितलं होतं, की नैऋत्य कोपऱ्यात जड वस्तू पाहिजे. कार्यालयात सगळ्यात जड वस्तू कोणती, यावर दुमत नव्हतं. मुहूर्त दुपारी सव्वाचारचा. चार जणांनी आदल्या दिवशी जोर लावला, बारा हात अंतर ओढत आणलं, एकाची कंबर धरली आणि बाकीच्या तिघांनी आमच्या दुकानाला फोन केला.

मला पाहून हेडक्लार्क माझ्या मागे बघायला लागले. मागे कुणी नव्हतं.

"माणसं?"

"मीच आहे."

ते हसले नाहीत, घाबरलेच. "अहो ताई, चार गडी थकले! तुम्हाला माहीत न्हाई, ह्याच्यात खाली शिशाचा ठोकळा असतोय. तोल जाऊ नाही म्हणून." कंबर धरलेला माणूस खुर्चीवरून म्हणाला, शिसं नाही, लोहचुंबक असतं, ते फरशीला ओढतं. तिसरा म्हणाला, एवढ्या लोकांचे तळतळाट छापले, जड होणारच. हा तिसरा मला आवडला.

मी खाली बसले आणि मशीनच्या बुडाशी जे कपाट असतं त्याचं दार उघडलं. आत कागदाची चौदा रिमं होती. त्यांच्यामागं जाडजूड सहा डायऱ्या, एक फुटकं स्टॅपलर आणि खंडेनवमीला मशीनची पूजा केली तेव्हाचा नारळ, हळदकुंकवासकट. वरचे चारही ट्रे कागदानं गच्च. चार माणसांनी दोन तास एक अख्खं स्टेशनरीचं दुकान उचलायचा प्रयत्न केला होता आणि एकालाही दार उघडून बघावंसं वाटलं नव्हतं.

"हे कुणी ठेवलं?"

हेडक्लार्क खाली मान घालून म्हणाले, "मीच. पलीकडची शाखा कागद पळवतीय. इथं कुणी बघत न्हाई." मग आवाज वाढवून म्हणाले, "पण तेवढ्यानं काय फरक पडतोय?"

"शिशाच्या ठोकळ्यापेक्षा जास्त," मी म्हणाले.

त्या जिन्यात मला आई आठवत होती. अख्खा घड झेपत नसला की ती दांड्यापासून फण्या सोडवायची, टोपलीत रचायची आणि दोन खेपा करायची. तिथं कुणी तिला अख्खा घड उचलून दाखव म्हणत नव्हतं. केळी गाडीत पडली पाहिजेत, एवढंच काम होतं. मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला.

तेवढ्यात भांडारपाल आले. कार्यालयातली प्रत्येक वस्तू त्यांच्या नोंदवहीत. त्यांनी हात आडवा केला. "खोलायचं न्हाई. नोंदीत नग एक हाय. तुम्ही दहा तुकडे केले आन् एक कमी भरला तर मी कुणाला धरू?"

"साहेब, भाकरी एक असते. तुम्ही एका घासात खाता का?"

"ते मला माहीत न्हाई. जसं हाय तसंच उतरवा."

"जसं आहे तसं काल चौघांनी उतरवलं का?"

खुर्चीवरचा कंबरवाला कण्हला. भांडारपालांनी हात खाली घेतला, पण पाय हलवेनात. तेव्हा कोपऱ्यातून कार्यालयातल्या शिपाई मावशी उठून आल्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं किरकोळ, नवऱ्याच्या जागी नोकरीला लागलेल्या. त्यांनी भांडारपालांना म्हटलं, "सरका की ओ. तुकडे मी मोजून घेते. मला धरा." आणि पदर खोचून माझ्याशेजारी बसल्या.

मी त्यांना विचारलं, "मावशी, जमेल का?" हे मी विचारायला नको होतं. मलाच लोकांनी नऊ वर्षं विचारलेला प्रश्न मी त्यांना विचारला, याची मला आजही लाज वाटते.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "लातूरला पाणी नव्हतं त्या सालात ह्या हापिसाचं टँकरचं पाणी दुसऱ्या मजल्यावर कुणी चढवलं? मी. रोजच्या वीस कळश्या. तवा जमंल का म्हणून कुणी इचारलं न्हाई. तू बी नको इचारू."

मग आम्ही कामाला लागलो. रिमं निघाली, ट्रे निघाले, टोनरच्या बाटल्या निघाल्या. शाई कागदावर पक्की करणारा तापरूळ काढला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला. वरचं झाकण, मागचा डबा, बुडाचं कपाट. प्रत्येक वस्तूला मी चिठ्ठी लावत होते आणि मावशी मोठ्यानं आकडा म्हणत होत्या, भांडारपालांच्या तोंडाकडे बघत. खेपा सुरू झाल्या. दीड वाजेपर्यंत आमच्या अठरा खेपा झाल्या आणि वर फक्त सांगाडा उरला. तोही पन्नासेक किलो असेल.

सभागृहातली सतरंजी मावशींनी आणली. सांगाड्याला ती गुंडाळली, बॅनर बांधायची नायलॉनची दोरी दोन्ही मुठींतून ओवली आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याला दोन वेढे दिले. मावशी वर, दोरी सोडायला. मी खाली, खांदा लावून. एक पायरी उतरायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. मावशी म्हणायच्या "सोडू?" आणि मी म्हणायचे "सोडा." पहिल्या वळणावर माझ्या पायात गोळा आला. दुसऱ्या वळणावर दोरी घसरली आणि सांगाडा हातभर खाली येऊन माझ्या छातीशी टेकला. त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं, की हे पडलं तर मी पुन्हा कधी लाईनवर जाणार नाही आणि मग जिल्हाभर सांगितलं जाईल, की बाईला पाठवलं होतं, मशीन फोडून आली. मला भीती वाटली. मी दात खाऊन म्हणाले, "मावशी, धरा." त्यांनी दोरी कमरेला गुंडाळली आणि पायरीवर बसकण मारली. "धरलंय," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या तेव्हा एक तरणाबांड कारकून बाह्या सावरत पुढे आला. "मी धरू का?" मावशी वरून ओरडल्या, "आता व्हय?"

सव्वातीनला मशीन नैऋत्य कोपऱ्यात जोडून उभं होतं. एक स्क्रू उरला नाही. चालू केलं, ते थोडं कुरकुरलं, तापलं आणि चाचणीचा कागद सरळ रेषेत बाहेर आला. मावशींनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यावर नुसत्या रेघा असतात. तरी त्यांनी तो घडी घालून कमरेला खोचला.

साहेब मुहूर्तावर आले. हार झाले, पेढे झाले. साहेबांनी कोपऱ्याकडे पाहून समाधानानं विचारलं, "एवढं जड मशीन खाली कसं आणलं?" हेडक्लार्क अदबीनं म्हणाले, "आपल्या स्टाफनं केलं सर. सगळ्यांनी हातभार लावला." कंबरवाला सुद्धा मान डोलावत होता. मी आणि मावशी दाराशी पेढा हातात घेऊन उभ्या होतो.

ते बोलणं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण आमची एक चिठ्ठी असते. काम झालं की कार्यालय त्यावर काय काम झालं ते लिहितं, सही-शिक्का मारतं आणि ती मालकांकडे जाते. मालक तेवढीच वाचतात. साहेब खोलीत गेल्यावर मी ती पुढे केली. हेडक्लार्कनी लिहिलं: मशीन कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी खाली आणले, इंजिनिअरने जोडून दिले.

मी ती वाचली आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे खोटं आहे."

"ताई, साहेबासमोर बोललोय मी आता. लिहायला काय? तुमचं काम झालं न्हवं?"

"नाही झालं. दोन बायकांनी उतरवलं असं लिहा."

"असं कुठं लिहितात व्हय? सरकारी कागद हाय. लोकं हसतील."

"हसू द्या. नऊ वर्षं हसताहेत, मला सवय आहे. पण तुम्ही म्हणता तुमच्या माणसांनी उतरवलं, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवते. त्याच माणसांना सांगा, हे मशीन पुन्हा दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवा. रिमं काढून न्या, ट्रे काढून न्या, कसंही न्या. मी इथं बाकड्यावर बसते. वर गेलं की मीच तुमच्या शब्दांत लिहून देते आणि खाली माझी सही करते."

माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातले लोक थांबले. तरण्या कारकुनानं जिन्याकडे पाहिलं आणि बाह्या खाली घेतल्या. कंबरवाल्यानं डोळे मिटले. भांडारपाल, देव त्यांचं भलं करो, घसा साफ करून म्हणाले, "लिहा हो. मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. नग एक, बरोबर भरला."

हेडक्लार्कनी पहिली ओळ खोडली. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले: मशीन दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर इंजिनिअर व कार्यालयातील महिला शिपाई या दोघींनी आणले. इतर कोणाचीही मदत झाली नाही. ते शिक्का मारायला लागले तेव्हा मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मला बी एक झेरॉक्स काढून द्या. त्याच मशीनवर."

बसस्टँडवर नांदेडची गाडी लागायच्या आत मी चिठ्ठीचा फोटो मालकांना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"दोघींनी म्हणजे? दुसरी कोण?"

"तिथल्या शिपाई आहेत."

"म्हणजे एकटीनं न्हाई उतरवलं तू."

"मालक, आपले दोघे इंजिनिअर आजवर एकदा तरी एकटे मशीन उतरवून आलेत का? चार गडी भाड्यानं लावतात, तरी तुम्ही म्हणता त्यांनी उतरवलं. माझ्यासोबत एक मावशी होत्या, तर मी नाही उतरवलं?"

पलीकडून टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "सोमवारी उदगीरची एक तक्रार हाय. मशीन हलवायचं बी हाय." मी नाही म्हणेन अशा आशेनं त्यांनी जोडलं, "तिसरा मजला हाय."

"पत्ता पाठवा," मी म्हणाले.